आजोबा घरातच बसले होते

नववीतला एक मुलगा माझ्या रविवारच्या वर्गात येतो. मागच्या हिवाळ्यात तो छातीशी धरून एक चित्र घेऊन आला. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर पेन्सिलीनं काढलेला फेटेवाला म्हातारा. कपाळावर, गालांवर सुरकुत्यांचं जाळं, दाढीचा केसन्‌केस सुटा, बुबुळात खिडकीचा पांढरा कवडसा. पंधरा तास तरी बसला असेल त्यावर. हात त्याचा खरोखर चांगला आहे, आणि तसं मी त्याला सांगितलंही. मग विचारलं, "हे कोण रे?" म्हणाला, "माहीत नाही ताई, मोबाइलवर मिळाले."

त्या म्हाताऱ्याला मी ओळखते. निरनिराळ्या मुलांच्या वह्यांतून तो गेली कित्येक वर्षं माझ्याकडे येतो आहे. कधी त्याच्या तोंडात विडी असते, कधी फेटा जास्त मोठा असतो. त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं माझ्या वर्गात कुणीही नाही. त्या मुलाच्या आजोबांना मात्र मी जाता-येता पाहते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या ओटल्यावर, म्हणजे दारापुढच्या कट्ट्यावर, बनियन घालून, परातीत ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसलेले असतात. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी म्हटलं, "आजोबांना का नाही काढलंस?" तर म्हणाला, "त्यांचं काय काढायचं? ते तर रोजचेच आहेत."

हे वाक्य त्या मुलानं शोधून काढलेलं नाही. ते त्याला आपण दिलं आहे. शाळेनं दिलं, चित्रकलेच्या स्पर्धांनी दिलं, रस्त्याकडेच्या रंगवलेल्या भिंतींनी दिलं, आणि चित्र पाहून पहिल्या झटक्यात "अगदी फोटोच!" असं म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी दिलं. वास्तवदर्शी चित्र म्हणजे फोटोसारखं चित्र, ही समजूत इतकी मुरली आहे की फोटोवरून उतरवलेल्या परक्या चेहऱ्याला आपण वास्तव म्हणतो आणि ओटल्यावरच्या खऱ्या माणसाकडे मूल वळूनही पाहत नाही. मला हे नुकसान फार मोठं वाटतं. चित्रकलेचं तर आहेच, पण त्याहून जास्त त्या मुलाचं आणि त्या आजोबांचं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हाची गोष्ट इथे सांगायला हवी. त्यानंतर काही महिन्यांनी मुलांच्या एका स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेले होते. एक विषय होता 'पूर'. मुलांनी पूर पाहिलेला होता, टीव्हीवर नव्हे, स्वतःच्या घरात. तरीही आलेल्या चित्रांतली बहुतेक एकसारखी होती: निळंशार पाणी, कौलारू छपरावर हात वर केलेली माणसं, वरून दोर सोडणारं हेलिकॉप्टर. त्या दिवसांत ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांना विचारा, ते निळं होतं का म्हणून. चहात माती कालवल्यासारखा त्याचा रंग होता आणि वर डिझेलचा तवंग.

त्या गठ्ठ्यात एक चित्र वेगळं होतं. सहावी-सातवीतल्या मुलीचं असावं. चित्रात माणूस एकही नाही, फक्त स्वयंपाकघर. गॅसचा सिलिंडर उचलून ओट्यावर ठेवलेला, त्याच्यावर पोळपाट, पोळपाटावर पिठाचा डबा. देव्हारा रिकामा, आणि वर माळ्यावर एका स्टीलच्या डब्यातून बाळकृष्णाचं डोकं तेवढं दिसतंय. भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कडेला लागून, तपकिरी रेघ. त्या रेघेच्या खाली भिंतीचा रंग वेगळा आणि वर वेगळा. ओट्याचं यथार्थदर्शन चुकलेलं होतं, डावी बाजू उजवीपेक्षा उंच झाली होती. माझ्यासोबतच्या परीक्षकांचं म्हणणं पडलं, "विषय पोहोचत नाही. पूर दिसतोय कुठे?" मी थोडं बोलले, मग गप्प बसले. हेलिकॉप्टरला पहिलं बक्षीस गेलं. मी त्या वेळी आणखी भांडायला हवं होतं, हे मला आजही टोचतं. आपला देव कुठल्या डब्यात ठेवला होता ते त्या मुलीला आठवत होतं. सिलिंडर आधी, पीठ त्यावर, हा क्रम तिला आठवत होता. पाणी ओसरल्यावर भिंत कशी दिसते ते तिनं पाहिलं होतं. आणि आम्ही तिला सांगितलं की तू पाहिलंस ते चित्राच्या कामाचं नाही.

बडोद्यात राहून आपण असं करावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. चित्रात वास्तव म्हणजे काय, हा प्रश्न ज्या गावात पुन्हापुन्हा विचारला गेला त्यांपैकी हे एक गाव आहे. राजा रविवर्मा १८८१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या निमंत्रणावरून इथे आले. पुढे १८८८ मध्ये त्यांना पौराणिक विषयांवरच्या चौदा चित्रांचं काम मिळालं. देवादिकांचा पेहराव कसा असावा हे ठरवायला ते आणि त्यांचा भाऊ उत्तरेकडे हिंडून आले. शेवटी त्यांनी आपल्या नायिकांना नेसवली ती साडी. इथल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये त्यांच्या चित्रांपुढे उभं राहिलं की रेशमाची घडी, काठाचा भार, सोन्याच्या बांगडीची मनगटावर पडलेली सावली, सगळं हाताला लागेल असं वाटतं. ही घडी पुराणातून आली नाही. जिवंत बायांना उजेडात बसवून, त्यांच्याकडे तासन्‌तास पाहून ती आली. पुढे १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि त्या देवींचे छापील चेहरे घरोघर भिंतींवर गेले. मूळ चित्रामागचं पाहणं मात्र छापता आलं नाही. पुढच्या पिढ्यांनी उचलली ती चकाकी, आणि चित्र चांगलं म्हणजे गुळगुळीत, असा धडा त्यातून घेतला गेला.

याच शहरात १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कलांची फॅकल्टी सुरू झाली आणि चित्रकला विभाग नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे आला. बेंद्रे इंदूरचे. १९२७ मध्ये इंदुरात चित्रकलेची शाळा काढणाऱ्या दत्तात्रय देवळालीकरांचे ते विद्यार्थी. उघड्यावर बसून समोरचं झाड, समोरचा उजेड रंगवायचा, ही त्या शाळेची ओळख. बडोद्याच्या फॅकल्टीतली मुलंही स्केचबुक घेऊन रेल्वे स्टेशनवर जातात. रात्रीच्या गाडीची वाट पाहत सामानावर डोकं ठेवून झोपलेला प्रवासी हा शिकणाऱ्यासाठी सर्वांत चांगला मॉडेल. तो पैसे मागत नाही, हलत नाही, आणि कसा दिसतोय याची त्याला फिकीर नसते. तिथे बसून काढलेल्या शेकडो रेखाटनांतून मुलांना कळतं की झोपलेल्या माणसाच्या अंगाचा भार कुठे पडतो, पोटाशी धरलेल्या पिशवीची पकड झोपेतही कशी सुटत नाही.

आणि भूपेन खख्खर. १९६२ मध्ये ते मुंबईहून इथे राहायला आले. हिशेबनीस होते. चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही बराच काळ कारखान्यात हिशेब लिहीत राहिले. १९७२ च्या सुमारास त्यांनी रंगवले ते घड्याळं दुरुस्त करणारे, शिंपी, न्हावी. 'जनता वॉच रिपेअरिंग' हे त्यांचं चित्र रविवर्म्याच्या अर्थानं वास्तवदर्शी मुळीच नाही. रंग सपाट आहेत, ठेवण एखाद्या दुकानाच्या पाटीसारखी आहे. तरीही दुकानाच्या काचेपाठीमागे दिवसभर एकटा बसणारा माणूस कसा असतो, ते त्यात मला जितकं खरं भेटतं तितकं पेन्सिलीनं केसन्‌केस काढलेल्या चित्रांत भेटत नाही. म्हणून 'वास्तव' हा शब्द हाताच्या सफाईला बांधून टाकण्याला माझा विरोध आहे. सफाई मलाही आवडते, मी ती शिकवते. पण कुणाकडे पाहायचं हे आधी ठरतं, हात त्यानंतर चालतो.

कुणाकडे पाहायचं, यावरून जगात भांडणं झाली आहेत. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह कूर्बेनं आपल्या ऑर्नां या गावातल्या एका अंत्यविधीचं चित्र काढलं आणि ते १८५०-५१ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं. सहा मीटरपेक्षा जास्त रुंद, तीन मीटरपेक्षा उंच. त्यात गावातली खरी माणसं होती, तीच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली होती. टीकाकार चिडले. चित्र कच्चं होतं म्हणून नव्हे. एवढा आकार राजांसाठी, देवांसाठी, लढायांसाठी राखून ठेवलेला होता, आणि त्यात यानं गावातले चारचौघे उभे केले, हा त्याचा गुन्हा. आपल्या रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात वरच्या मजल्यांवरच्या भिंती पाहिल्या तर तिथे महाभारत आहे, कृष्ण आहे, आणि त्यांच्या बरोबरीनं त्या काळच्या रोजच्या जगण्यातले प्रसंगही आहेत. दिवाण भाऊ तांबेकरांच्या घरच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकात रोजच्या जगण्याला जी जागा मिळाली, ती आज आमच्या शाळांच्या भिंतींवर मिळत नाही.

आपल्या मराठी मंडळींच्या प्रदर्शनांबद्दलही बोलायला हवं, कारण तिथली चित्रं मी वर्षानुवर्षं लावते आहे, खिळे मीच ठोकते. नऊवारी आणि नथ घातलेली बाई दहा चित्रांत असते. वारी असते, गड असतात, महाराज असतात. हे सगळं माझंही आहे, त्याबद्दल आदर आहे. पण सकाळी गाऊनवर ओढणी घेऊन दूध घ्यायला दाराशी आलेली बाई, जी आपल्यातल्या प्रत्येकाची आई, मावशी, काकू आहे, ती मला एकाही चित्रात भेटलेली नाही. भाकरी आणि खाखरा एकाच डब्यात ठेवणारं, घरात मराठी आणि जिन्यात गुजराती बोलणारं बडोद्याचं मराठी घर, गायकवाडांच्या काळापासून इथे नांदतंय. त्याचं चित्र पुण्या-मुंबईचा माणूस येऊन काढणार नाही. ते आपल्यालाच काढावं लागेल.

आता पाहणं म्हणजे नेमकं काय, ते एका वाटीवरून सांगते. वर्गात मी मुलांसमोर स्टीलची वाटी ठेवते. रंग द्यायला सांगितलं की सगळे राखाडी घोळतात. स्टील राखाडी असतं हे त्यांना माहीत असतं ना. मग मी म्हणते, रंग ठेवा बाजूला, दहा मिनिटं नुसतं बघा. पाचव्या-सहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, "ताई, यात माझा शर्ट आहे." मग दुसरी म्हणते, खिडकी आहे, वाकडी झालेली. काठाला एक काळीकुट्ट रेघ आहे आणि तिला चिकटून कागदापेक्षा पांढरी रेघ आहे. बुडाशी टेबलाचा तपकिरी रंग वर चढलाय. राखाडी जवळजवळ कुठेच नाही. वाटी म्हणजे आजूबाजूचं सगळं घर असतं, गोल करून ठेवलेलं. हे ज्यानं एकदा पाहिलं, त्याला पुढे "स्टील राखाडी असतं" असं कुणी सांगून पटत नाही. आणि माणसांबद्दलही अशी पुष्कळ राखाडी वाक्यं आपल्याला तयार मिळालेली असतात.

कुणी म्हणेल, कॅमेरा आहे की खिशात, पाहायचं ते तोही पाहतो. मी फोनच्या विरोधात नाही. पण फोन जवळून धरला की नाक मोठं येतं, कान मागे पळतात, पुढे केलेला पंजा चेहऱ्याएवढा सुजतो. सावलीत डोळ्यांना निळा, हिरवा, मातकट असे रंग दिसतात, तिथे फोटोत बहुधा नुसता काळोख उरतो. फोटोवर चौकटी पाडून चित्र उतरवणारं मूल या सगळ्या चुका मन लावून उतरवतं. समोर माणूस बसला की तसं करता येत नाही. हात लांब करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा, अंगठा सरकवून डोक्याची उंची मोजायची, आणि मग धडात ती किती वेळा बसते ते पाहायचं. तेवढ्यात माणूस मान वळवतो. उजेड सरकतो. तो शिंकतो, हसतो, काहीतरी सांगायला लागतो. चाळीस मिनिटांत तो चाळीस वेळा बदलतो आणि त्यातलं काय ठेवायचं हे प्रत्येक रेघेला ठरवावं लागतं. एका ओळीत सांगितलं की चित्र बनवून देणारी यंत्रंही आता आली आहेत. 'फेटेवाला म्हातारा' म्हटलं की तीही तोच म्हातारा देतात, लाखो चित्रांची सरासरी काढलेला, कुणाचाच आजोबा नसलेला.

नक्कल करूच नये, असं माझं म्हणणं नाही. गाणं शिकताना पलटे घोटतात तशी ती घोटावी. पण पलट्यांना कुणी मैफल म्हणत नाही आणि त्यांना बक्षीसही देत नाही.

त्या नववीतल्या मुलाला मी तीन रविवार वर्गाऐवजी त्याच्याच ओटल्यावर बसवलं. पहिल्या रविवारी आजोबा अवघडून ताठ बसले, केस विंचरून, शर्ट घालून. चित्र बिघडलं. दुसऱ्या रविवारी ते विसरले आणि शेंगा सोलायला लागले. तिसऱ्या रविवारी मुलगा माझ्याकडे आला, जरा त्रासलेला. "ताई, माप चुकतंय. डावा खांदा दर वेळी खाली येतो." मी म्हटलं, पुन्हा मोज. त्यानं पुन्हा मोजलं, तरी तेच. मग आजोबांनाच विचारलं. ते पोस्टमन होते, पस्तीस वर्षं टपालाची पिशवी डाव्या खांद्यावर. मुलाला ते पोस्टमन होते हे माहीत होतं, खांद्याचं माहीत नव्हतं. आजोबांना स्वतःलाही नव्हतं. चित्रात दाढी नीट आलेली नाही, पायांची बोटं तर त्यानं परातीमागे लपवली आहेत. पण तो खांदा आला आहे.

दोन आक्षेप मला गंभीर वाटतात. पहिला असा, की रोजच्या जगण्याच्या नावाखाली आपण गरिबीची चित्रं काढतो. हॉटेलांच्या लॉबीत डोक्यावर घागरी घेतलेल्या बायांची चित्रं लागतात. घागर जड असते, मान आखडते, पाणी दोन कोसांवर असतं, यातलं काहीही त्या चित्रात नसतं. असतात ती चांगली वळणं आणि केशरी आभाळ. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच माझा आग्रह स्वतःच्या जगण्यापासून सुरुवात करण्याचा आहे. आधी आपला ओटा, आपली आजी, आपल्या जिन्यातला अंधार. दुसऱ्याच्या दारात जायचं ते त्यानंतर, आणि विचारून. समोरच्याला नको असेल तर वही मिटून उठायचं. हे मी मुलांना पेन्सिल कशी धरायची याच्या आधी सांगते. रस्त्यावर बसणाऱ्या माणसाला दार नसतं, म्हणून त्याच्याकडे न विचारता पाहायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा. रोजचं काढून मुलांची कल्पनाशक्ती मरेल, असं त्यांना वाटतं. माझा अनुभव उलट आहे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी आणि नदी, हे चित्र मी स्वतः लहानपणी काढलं, माझ्या विद्यार्थ्यांनी काढलं, आता त्यांची मुलं काढतात. बडोद्यात डोंगर पाहायचा तर पावागडला जावं लागतं. ज्या मुलानं कधी नदीकाठची झोपडी पाहिली नाही ते ती काढतं, याला कल्पनाशक्ती म्हणत नाहीत, ती पाठांतराची सवय आहे. कल्पनेलाही साठा लागतो. पुरातलं स्वयंपाकघर काढणाऱ्या त्या मुलीला सिलिंडरवरचा पोळपाट कुणी शिकवला नव्हता.

आणि काही गोष्टी आपल्यासाठी थांबून राहत नाहीत. मी लहान असताना आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, कल्हईवाला यायचा. खड्डा करून भट्टी लावायचा, एक हात भात्यावर. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा, मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं तो पातेल्याचं पोट असं फिरवून पुसायचा की तांबूस भांडं डोळ्यांदेखत चांदीचं व्हायचं. मी चित्रकलेत शाळेत पहिली यायचे. त्याचं एकही चित्र माझ्याकडे नाही. त्या वर्षांतली माझी वही उघडली तर तिच्यात हंस आहेत, कमळं आहेत आणि स्वित्झर्लंडच्या कॅलेंडरवरून उतरवलेली घरं आहेत. तो माणूस दर दोन महिन्यांनी माझ्या दारासमोर बसायचा.

म्हणून मी काही साध्या गोष्टी मागते आहे. शाळांनी चित्रकलेचा एक तास दर आठवड्याला वर्गाबाहेर काढावा. फार लांब जायची गरज नाही. शाळेच्या दारातली सेव-उसळीची लारी (हातगाडी), रिक्षावाल्या काकांची वाट पाहणारी मुलं, शिपाई मामांची किल्ल्यांची जुडी, एवढं पुष्कळ झालं. चित्रकलेच्या परीक्षांत स्मरणचित्र हा विषय जुन्या लोकांनी विचार करून ठेवला होता. पाहिलेलं आठवून काढा, एवढंच त्यात मागितलेलं असतं. पण मुलं त्याचीही तयार चित्रं पाठ करून जातात, 'बागेतले दृश्य', 'भाजीबाजार', आणि आम्ही शिक्षक ती पाठ करून घेतो. हे आम्ही थांबवलं पाहिजे. स्पर्धा घेणाऱ्यांनी घोषणा विषय म्हणून देणं बंद करावं. 'पृथ्वी वाचवा' म्हटलं की दोन हातांत धरलेला गोल येणारच. त्याऐवजी विषय द्या 'आमच्या घरात पाणी कुठे साठवतात'. पाणी वाचवण्याबद्दल जे कळायचं ते त्या पिंपांतून, बादल्यांतून, रात्री दोनला उठून मोटर लावणाऱ्या काकांतून जास्त कळेल. आणि परीक्षकांनी गुण देताना एवढं विचारावं की या मुलानं हे कुठे पाहिलं असेल.

भिंतींचं मला सर्वांत जास्त वाटतं, कारण भिंत सगळ्यांची असते. गेल्या काही वर्षांत गावोगाव पुलांचे खांब आणि कुंपणाच्या भिंती रंगल्या. बऱ्याच ठिकाणी तेच फुलपाखराचे पंख, तेच चेहरा असलेलं झाड, तीच घोषणा. हा खर्च होणारच असेल तर ज्या वस्तीची भिंत, त्या वस्तीतली माणसं त्यावर यावीत. चित्रकारानं आधी आठवडाभर तिथे बसून रेखाटनं करावीत, त्याचेही पैसे त्याला मिळावेत. आपल्या शहरात ललित कला शिकणाऱ्या मुलांची कमी नाही. आणि कच्चं चित्र भिंतीवर जाण्याआधी त्या वस्तीला दाखवावं. लोकांना चित्रातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांसाठी खंडेराव मार्केटमधली एक सकाळ सांगते.

आमच्या पालिकेची कचेरी त्या देखण्या इमारतीत आहे आणि तिला लागूनच फुलांचा, भाज्यांचा बाजार भरतो. सकाळी साडेसहाला आम्ही सातजणं तिथे गेलो होतो. झेंडूचे ढीग, ओली तागाची पोती, पायाखाली चिखल आणि देठं. माझी एक विद्यार्थिनी, बारावीतली, मोगऱ्याचे गजरे करणाऱ्या बाईंसमोर उकिडवी बसली. आधी विचारलं. बाई म्हणाल्या, "मारुं चित्र शुं काम दोरे छे?" माझं कशाला काढतेस? मुलगी म्हणाली, तुमचे हात बघायचे आहेत. बाईंना ते पटलं असावं, त्या कामाला लागल्या. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, देठाला देठ टेकवून वरून दोऱ्याचा फासा, आणि नजर कळ्यांवर नाही, गिऱ्हाइकांवर. दोरा ताणलेला, पायाला अडकवलेला. तासाभरानं मुलीनं वही वळवून दाखवली. मला चित्र आवडलं होतं, विशेषतः फासा टाकताना बोटाला येणारा तो बाक.

बाईंनी हात पदराला पुसले, वही जवळ घेतली आणि बराच वेळ पाहिलं. मग ओल्या बोटानं कागदाला न शिवता दाखवत म्हणाल्या, दोरा अंगठ्याला काढलायस, मी शेजारच्या बोटाला लावते, अंगठ्याचं नख जुनं दुखणं आहे. आणि कळ्या इतक्या उमललेल्या घेत नाही कुणी, दुपारपर्यंत गळतील. मुलीनं त्यांच्या पायाकडे पाहिलं. खरंच, दोरा दुसऱ्या बोटाला होता. आम्हा दोघींच्याही नजरेतून ते सुटलं होतं. तिनं खोडरबर काढलं, कळ्या मिटवायला घेतल्या, आणि बाई पुढचा गजरा हातात घेऊन पाय थोडा तिच्या बाजूला करून बसल्या.